तृतीयपुरुषी निवेदन: सर्वज्ञ की मर्यादित?

प्रश्न: कथेत ‘मी’ कुठेच नाही, सगळं ‘तो’, ‘ती’. मग निवेदक सर्वज्ञ (सगळ्यांच्या मनातलं जाणणारा) की मर्यादित (एकाच पात्राच्या मनापुरता), हे कशावरून ठरवायचं?

पानगळ: निवेदक कोणाच्या मनात शिरतो ते बघा. ‘सुमनला वाटलं, सासूबाई रागावल्यात.’ राग हा सुमनचा अंदाज, म्हणून मर्यादित. ‘सुमन घाबरली; सासूबाईंना मात्र माहेर आठवत होतं.’ हे सर्वज्ञ. वाटलं, आठवलं, कळलं यांखाली रेघ मारा आणि ‘कोणाला?’ ते समासात लिहा. शेवटपर्यंत एकच नाव आलं, तर बहुधा मर्यादित.

शाईपेन: नुसत्या क्रियापदांवर जाऊ नका. ‘आता कोणत्या तोंडाने जाणार ती आईकडे!’ यात ‘वाटलं’ नाही, तरी हा उद्गार निवेदकाचा नसून सुमनच्या मनातलाच आहे. मराठी कथेत अशी वाक्यं भरपूर येतात आणि उत्तर हमखास तिथेच चुकतं. कोणाच्याच मनात शिरकाव नसेल, फक्त दिसणं-ऐकणं असेल, तर ते वस्तुनिष्ठ निवेदन.

पानगळ: बरोबर. लिहिणाऱ्यांसाठी एक: सुमनपुरत्या मर्यादित कथेत ‘सुमनचा चेहरा उतरला’ खटकतं. तिला स्वतःचा चेहरा कुठे दिसतोय? ‘घशाला कोरड पडली’ चालेल.