मदत हवी आहे : देशांची नावं तुमच्या भाषेत

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयात मुलांसाठी जगाचा मोठा नकाशा लावतोय. इथली पोरं मराठी-हिंदी दोन्ही वाचतात, त्यामुळे एकाचं इजिप्त, दुसऱ्याचं मिस्र. ग्रीस की यूनान, यावर तर रोज वाद. यूनान हे आयोनिया या प्राचीन ग्रीक भागावरून फारसीमार्गे आलेलं, आपलं जुनं 'यवन'ही तिथलंच. ग्रीक लोक स्वतः मात्र एलादा म्हणतात! जर्मनीचंही तसंच: फ्रेंचांनी आलेमानी टोळीचं नाव धरलं, फिनिश लोकांनी सॅक्सनांचं.

नागपुरात ज्यांच्या घरी तेलुगू, बंगाली, सिंधी बोलतात, त्यांनी या तीन देशांची नावं आपल्या लिपीत आणि देवनागरीत लिहून द्याल का? जर्मन शिकलेल्या कुणी 'डॉइचलांड' या जर्मनीच्या जर्मन नावाचा उच्चारही तपासून द्यावा. रविवारी छापायला टाकायचंय.