प्रॅक्टिकलची चिठ्ठी बंद करा, बिघडलेला कोड द्या

सेगफॉल्ट: संगणक अभियांत्रिकीची प्रॅक्टिकल परीक्षा म्हणजे चिठ्ठी उचला, पाठ केलेला प्रोग्रॅम टाइप करा, आउटपुट दाखवा, दोन प्रश्न ओरलचे, सुटलात. यात टायपिंग तपासलं जातं. त्यापेक्षा ८०-१०० ओळींचा प्रोग्रॅम द्या, त्यात ३ चुका पेरा आणि ४० मिनिटं द्या. उदा. डबली लिंक्ड लिस्टमधून (अशी यादी, जिच्या प्रत्येक घटकात म्हणजे नोडमध्ये पुढच्या आणि मागच्या नोडचा पत्ता असतो) नोड काढताना पुढच्या नोडचा 'प्रीव्ह' पॉइंटर, म्हणजे मागचा पत्ता, बदलायचाच नाही. यादी पुढून छापली तर बरोबर दिसते. मागून छापली की कचरा, नाहीतर काढलेला नोडच परत हजर. मागून छापून बघायचं ज्याला सुचलं, त्याला लिस्ट कळली. चूक शोधण्याला २ गुण, कारणाला २, दुरुस्तीला १.

एक्स्टर्नल_आले: बॅच २० जणांची, स्लॉट ३ तासांचा. कारण तोंडी विचारायचं तर माणशी ८ मिनिटं, म्हणजे १६० मिनिटं. वर तुमची ४०. कुठे बसवताय? शिवाय सकाळच्या बॅचच्या चुका दुपारच्या बॅचला व्हॉट्सॲपवर मिळणारच. आणि कोऱ्या फाइलवर प्रोग्रॅम उभा करणं हेही कौशल्य आहे, ते कोण तपासणार?

सेगफॉल्ट: इंटर्नल (कॉलेजचे) आणि एक्स्टर्नल (बाहेरचे) परीक्षक समांतर बसले की १६० चे ८० होतात. कोरी फाइल टर्मवर्कमध्ये (सेमिस्टरभरच्या लॅबच्या कामात) तपासा, तिथे अख्खं सेमिस्टर हाताशी असतं.

मेक_क्लीन: तुमचा 'प्रीव्ह' फुकटचे गुण आहेत. नोड 'फ्री' केलेला (त्याची मेमरी परत दिलेली) असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून कंपाइल करा, मागून छापताच ओळ क्रमांकासकट चूक हातात. त्यापेक्षा सर्क्युलर क्यूमध्ये (शेवटच्या जागेनंतर पुन्हा पहिलीवर येणारी रांग) भरलेली आणि रिकामी या दोन्ही अटी सारख्याच करून ठेवा. मेमरी कुठेच ओलांडली जात नाही, सॅनिटायझर गप्प.

एक्स्टर्नल_आले: टर्मवर्क? तिथे तर एकच जर्नल वीस हातांतून फिरतं.

मेक_क्लीन: मॉस (कोडमधली कॉपी शोधणारं सॉफ्टवेअर) वापरा, व्हेरिएबलची नावं बदलून ते फसत नाही. पण त्याची एक मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १० असते: तोच तुकडा त्याहून जास्त फायलींत दिसला तर शिक्षकांनीच दिलेला समजून सोडून देतं. म्हणजे पाच जणांनी कॉपी केली तर पकडले जातील, अख्ख्या बॅचने केली तर सुटतील! ती मर्यादा बॅचच्या संख्येपुढे न्या आणि शिक्षकांनी दिलेला सुरुवातीचा कोड बेस फाइल (मॉसने सोडून द्यायचा भाग) म्हणून वेगळा द्या.

एक्स्टर्नल_आले: बरं. चुका पेरलेले वीस वेगवेगळे, सारख्याच अवघड प्रोग्रॅमचे संच दर सेमिस्टरला कोण बनवणार? त्याचं मानधन कुठल्या नियमात बसतं तेही सांगा.