एकाच गिट रेपोत काही फाइल ठराविक जणांनाच दिसतील असं करता येतं का?

बाणेरकर: सात जणांची कंपनी, सगळा कोड एका रेपोत (म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास एकाच ठिकाणी). सोमवारी दोन इंटर्न येतायत. कॉन्फिग फोल्डरमध्ये प्रॉडक्शन डेटाबेसचा पासवर्ड आणि पेमेंट गेटवेची की पडलीय (हो, माहितीये, घाला शिव्या). त्यांना बाकी कोड दिसावा, हा फोल्डर दिसू नये. सेटिंग कुठे असतं?

फेज२चा_प्रवासी: नसतंच. गिटमध्ये वाचायची परवानगी अख्ख्या रेपोला असते, फोल्डरला नाही. क्लोन म्हणजे पूर्ण वहीची झेरॉक्स, खोडलेल्या पानांसकट. एसव्हीएन या गिटसारख्याच दुसऱ्या सिस्टिममध्ये फोल्डरवार वाचन बंद करता येतं, त्यामुळे तिथून आलेले लोक हेच सेटिंग शोधत बसतात.

कोथरूड_कट्टा: कोडओनर्स फाइल लावा की.

फेज२चा_प्रवासी: त्याने बदल कोणी तपासायचा एवढंच ठरतं. वाचायला आडकाठी शून्य.

बाणेरकर: आणि फोल्डर डिलीट करून गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकला तर?

सर्व्हरमावशी: 'गिट लॉग -पी' मारला की जुन्या बदलांसकट सगळं बाहेर. आधी पासवर्ड आणि की बदला, आजच. बाकी चर्चा नंतर. नवे रेपोत ठेवूच नका, सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेवा. रेपोतच हवे असतील तर सॉप्स आणि एज ही एन्क्रिप्शनची टूल्स वापरा. याम्ल (सेटिंगच्या) फाइलमधल्या फक्त व्हॅल्यू, म्हणजे खरे पासवर्ड, एन्क्रिप्ट होतात, सेटिंगची नावं तशीच राहतात, त्यामुळे कुठली ओळ बदलली ते डिफमध्ये (जुन्या-नव्यातल्या फरकात) कळतं. गिट-क्रिप्ट हे दुसरं टूल अख्खी फाइल झाकतं. पण एकदा किल्ली दिली की परत घेता येत नाही. माणूस सोडून गेला तरी त्याच्याकडचं जुनं त्याला उघडतंच. करार, पगाराच्या शीट वगैरे असेल तर सरळ वेगळा रेपो.

इतिहास साफ करायला फिल्टर-रेपो हे टूल आहे. त्याने कमिटचे हॅश (प्रत्येक नोंदीचे ओळख-क्रमांक) बदलतात, म्हणून सगळ्यांनी जुने क्लोन उडवून नव्याने घ्यायचे. खराडीला असताना आम्ही शनिवार घालवून हे केलं. सोमवारी सुट्टीवरून आलेल्या एकाने जुन्या क्लोनमधली ब्रांच पुश केली, पासवर्ड पुन्हा हजर! बदललेला होता म्हणून वाचलो.

बाणेरकर: बदलला. बदलल्यावर कळलं, स्टेजिंगलाही (चाचणीच्या सर्व्हरलाही) तोच होता. स्टेजिंग झोपलंय. ते उठवतो, मग फिल्टर-रेपो.