ऑफिसच्या फोनवर बाई हव्यात की 'एक दाबा, दोन दाबा'?

मकरपुरावासी:
आमचं जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) व्हॉल्व्ह-पंपांच्या सुट्या भागांचं ऑफिस. बावीस वर्षं फोनवर एकच बाई. आता शेठ नवीन ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन आपोआप जोडणारं यंत्र, बसवताहेत. फोन केला की आधी 'गुजराती माटे एक दबावो', मग हिंदी, मग इंग्रजी, आणि त्यानंतर विक्री की हिशेब ते निवडा. माझा सरळ विरोध आहे. अंकलेश्वरहून प्लँट बंद पडल्याचा फोन येतो तेव्हा बाई 'हॅलो'वरूनच ओळखतात, 'थांबा, स्टोअरला देते' म्हणतात. तो माणूस काय मेन्यू ऐकत बसणार?

रावपुऱ्याचा_रोकडा:
आणि बाई जेवायला गेल्या की? आमच्याकडे दीड ते सव्वादोन फोन नुसता वाजायचा. आता हंट ग्रुप आहे. पहिल्या एक्स्टेन्शनला कुणी उचललं नाही तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. शिवाय सुटलेल्या कॉलची यादी दिसते. बाईंच्या वहीत सुटलेला फोन कधी लिहिलेला पाहिलाय?

अवांतर: ऑटोमॅटिक एक्स्चेंजचं पेटंट 1891 मध्ये घेतलं ते आल्मन स्ट्रोजर या अमेरिकन गृहस्थाने. धंदा अंत्यविधीचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणे. तेव्हा माणसाचं एवढं कौतुक नको.

मकरपुरावासी:
आमच्या बाई कुणाचं गिऱ्हाईक पळवत नाहीत हो! आणि मेन्यू चालतो तो बटणांच्या सुरांवर. आमच्या एका जुन्या पार्टीकडे अजून तबकडीचा फोन आहे, त्यातून सूर जातच नाहीत. त्यांनी काय करायचं?

रावपुऱ्याचा_रोकडा:
एका तबकडीसाठी सगळं ऑफिस अडवायचं? काही दाबलं नाही तर कॉल आपोआप रिसेप्शनला जाईल असं सेट करता येतं.

पिचकारी_एक्स्टेन्शन:
मी हीच यंत्रं बसवतो. दोघंही भलत्याच मुद्द्यावर भांडताय. पार्टी चिडते ती ट्रान्सफरला. एक पद्धत अशी, की नंबर दाबला, फोन ठेवला, आपण मोकळे. पलीकडे कुणी उचललं की नाही ते देव जाणे. दुसरी अशी, की पार्टीला होल्डवर ठेवायचं, आधी आपल्या माणसाशी बोलायचं, 'अंकलेश्वरवाले आहेत, सील फुटलंय', आणि मग जोडून द्यायचं. तुमच्या बाई बावीस वर्षं दुसरं करताहेत, म्हणून त्या हुशार वाटतात. मेन्यू फक्त पहिलंच करू शकतो.

माझं म्हणणं: दिवसा बाई, जेवणाच्या वेळी आणि सातनंतर मेन्यू. मेन्यूत तीनच पर्याय, आणि शून्यावर माणूस. जोडलेला कॉल वीसेक सेकंदांत कुणी उचलला नाही तर तो परत रिसेप्शनला यायला हवा. बऱ्याच यंत्रांत ही सोय असते, कुणी चालू करत नाही. आणि कॉल पिकअपचा कोड, म्हणजे दुसऱ्याचा वाजणारा फोन आपल्या जागेवरून उचलायचा नंबर, सगळ्यांना पाठ करायला लावा. शेजारच्या टेबलावर फोन ओरडतोय आणि चार जण मान खाली घालून बसलेत, हे मी रोज बघतो.

रावपुऱ्याचा_रोकडा:
पार्टीला होल्डवर ठेवून आतल्याशी बोलण्यात जो वेळ जातो तो कोण मोजणार? तोवर ती बीथोव्हेनची टिंगटिंग. तिसऱ्यांदा ऐकलं की मी फोन ठेवतो.

पिचकारी_एक्स्टेन्शन:
टिंगटिंग बदलता येते. तुमची चिकाटी नाही बदलता येत.

सुरसागर_काठ:
सगळे बोललात. बाईंना विचारलं का कुणी?

मकरपुरावासी:
आज विचारलं. म्हणाल्या, "मेन्यू लावा नाहीतर नका लावू, मला आधी हेडसेट द्या. बावीस वर्षं रिसीव्हर खांद्यात धरून लिहिते आहे, मान गेली माझी." शेठना सांगितलंय. वीस सेकंदांचं मात्र ते ऐकत नाहीत, म्हणतात तीस ठेवा.