झेंडावंदनाला ३१ डोकी, म्हणून बाकीचे देशद्रोही?

नाक्यावरचा:
सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकलेला मेसेज, जसाच्या तसा: "एकूण फ्लॅट १८४. झेंडावंदनाला हजर ३१. जे आले नाहीत त्यांनी यापुढे देशभक्तीच्या गप्पा मारू नयेत. जय हिंद." खाली अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं तर पार्किंग जाईल, म्हणून इथे लिहितोय.

मी गैरहजरांतला. पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळी असते. पावणेसातला आलो आणि आडवा झालो. १४ ऑगस्टच्या रात्री मीही भारावून जाऊन पंप सोडला असता, तर सेक्रेटरींनी पारोशानेच सलामी दिली असती.

बायको गेली होती. खांब धुतला वॉचमनने, दोरी ओवली वॉचमनने, झेंड्याच्या घडीत फुलं भरली तीही त्यानेच. दोरी ओढली माजी नगरसेवकांनी. मग वडा-जिलेबी. वॉचमनला रांगेत घेतलं नाही, उरलेलं पिशवीत बांधून दिलं. आणि हेच सेक्रेटरी दुसऱ्या फ्लॅटचं अर्धं भाडं करारात दाखवतात, अर्धं रोखीत घेतात.

सुप्रीम कोर्टाने २०१६ साली थिएटरात राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८मध्ये आपली आपणच ती सक्ती काढली. कोर्टाला वर्षभरात उमगलं. आमच्या सेक्रेटरींना अजून वेळ आहे. माझ्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे सरकारी खिडकीपुढे उभं राहताना घसा कोरडा न पडणं. तो अजून पडतो, पण ते राहू द्या.

सुभेदार_नि:
रात्रपाळीवाल्याला सूट, मान्य. बाकीचे १५२ सगळे पंपावर होते का? लोणावळ्याला होते. जोडून सुट्टी आली की देश आठवत नाही, धबधबा आठवतो.

२४ वर्षं नोकरी केली, त्यातले १५ ऑगस्ट घरी मोजून तीन. एका वर्षी चौकीवर आम्ही नऊ जण. दोरी गोठून काठीसारखी झालेली. स्टोव्हच्या धगीवर धरून एकेक पीळ सोडवला, अर्धा तास गेला. कुणी हजेरी घ्यायला नव्हतं तिथे, तरी केलं. तुम्हाला लिफ्टने खाली यायचं होतं फक्त.

नाक्यावरचा:
"कुणी हजेरी घ्यायला नव्हतं." सुभेदारसाहेब, माझा अख्खा धागा तुम्ही एका ओळीत लिहिलात.

शब्दकीटक:
एक दुरुस्ती. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. वर बांधून ठेवलेला नुसता उलगडतात तो २६ जानेवारीला. तुमच्या सोसायटीत नेमकं काय केलं? शिवाय झेंडा खादीचा होता की पॉलिएस्टरचा? ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टर चालतो, पण चालतो म्हणून शोभतो असं नाही.

उदगीरकर:
पॉलिएस्टरचा विषय काढलातच तर ऐका. झेंड्याचं खादीचं कापड आमच्या उदगीरला विणतात, त्याचे झेंडे नांदेडला होतात. ती दुरुस्ती आली तेव्हा इथल्या मागावर बसणाऱ्या बायकांना कुणी विचारलं नाही, देशभक्ती तुम्हाला परवडते का म्हणून.

आणि ३१ डोक्यांचं काय घेऊन बसलात! १५ ऑगस्ट १९४७ला तुम्ही पेढे वाटत होतात तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. तिरंगा घेऊन निघाला तो आत गेला. आमचं स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८चं. शाळेत मात्र त्यावर दोन परिच्छेद, तेही परीक्षेला नाहीत. आजोबांना १९७२ साली ताम्रपट मिळाला. आजी दर दिवाळीला तो चिंच लावून घासायची. तांब्याचं भांडं ते, घासायला नको? आता त्यावर हात फिरवला तर अक्षरं लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

सुभेदार_नि:
आजींना नमस्कार. पण तुमचा १७ सप्टेंबर आला तो १३ तारखेला फौज आत शिरली म्हणून, ताम्रपटाने नाही. आणि प्रत्येकाने आपापली तारीख काढली तर झालंच. उद्या गोव्याचे १९ डिसेंबर १९६१ घेऊन येतील.

उदगीरकर:
ताम्रपटाने नाही?? फौजेला पाच दिवस लागले हो, त्याआधीचे तेरा महिने रझाकारांसमोर कोण उभं होतं? आजोबांच्या पाठीवरचे वळ काय बक्षीस म्हणून मिळाले होते? आणि येऊ द्या की गोव्याचे! खोटं का बोलतील ते? पेन्शन खाऊन उपदेश करणं सोपं असतं.

सुभेदार_नि:
पेन्शनवर येऊ नका. महागात पडेल.

पालावरची_पोर:
तुमचं दोघांचं झालं असेल तर मी बोलते.

उदगीरकरदादा, तुम्हाला तेरा महिने लागले. आम्ही ३१ ऑगस्ट पाळतो, विमुक्त दिन. १८७१चा, आमच्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ साली त्या दिवशी देशभरातून गेला. माझा आज्जा सोलापूरच्या सेटलमेंटात होता, तारेच्या कुंपणाच्या आत. तिथं हजेरी असायची. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मला म्हणून. १५ ऑगस्ट १९४७ला गावात बँड वाजला, तो तारेच्या आत ऐकू आला, असं तो सांगायचा. त्या दिवशी त्यानं हजेरी दिली. १६लाही दिली.

कायदा गेल्यावर 'सराईत गुन्हेगार' नावाचा दुसरा आला. मागच्या वर्षी माझ्या भावाला भाड्याची खोली बघायला गेलो, घरमालकानं आडनाव विचारलं आणि चावी परत खिशात घातली. त्याच्या दारावर तिरंगा होता, झकास, काठीसकट.

तर सुभेदारकाका, मी झेंडावंदनाला जाते. दरवर्षी. पण कोण आलं आणि कोण नाही हे मोजणारा माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

नाक्यावरचा:
यानंतर माझ्या वॉचमनच्या वड्याचं काय सांगू.

उदगीरकर:
ताई, गप्प बसतो. (पॉलिएस्टरवर मात्र नाही.)

सुभेदार_नि:
पोरी, सेटलमेंटच्या हजेरीचं मला ठाऊक नव्हतं. आमच्याही पलटणीत तुमच्याकडचा एक जण होता, आडनाव बदलून भरती झालेला. का बदललं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. उदगीरकर, ताम्रपटाबद्दलचं मागे घेतो, फौजेबद्दलचं नाही. आणि लोणावळ्याच्या १५२ जणांना मी सोडणार नाही, हेही लिहून ठेवा.

शब्दकीटक:
१५२ कसे? १८४ हे फ्लॅट आहेत आणि ३१ ही डोकी. एकाच घरातून दोघं-तिघं आले असतील तर गैरहजर फ्लॅट त्याहून जास्त भरतील. आणि नाक्यावरचे स्वतः मोजणीत कुठे? त्यांची बायको हजर होती, म्हणजे त्यांचा फ्लॅट हजर धरायचा.