इंदू ब्रँडचे जुने १२० मापाचे फिल्म रोल सापडलेत, कसे वापरू आणि घरी कसे धुवू?

मिरजेचा_मुक्काम:
मंडळी, मामांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता, तो बंद होऊन जमाना झाला, आता जागा रिकामी करताना माळ्यावर इंदूचे १२०चे पाचसहा ब्लॅक अँड व्हाइट रोल सापडले. एक्सपायरी १९९४ची, डबे उंदरांनी कुरतडलेत त्यामुळे स्पीड (फिल्मला किती उजेड लागतो तो आकडा) वाचता येत नाही, आणि इंदू बनवणारी उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स कधीच बंद पडली म्हणजे विचारायचं तरी कोणाला. त्यात एका रोलवर फोटो काढून झालेले आहेत, पट्टी चिकटवलेली, आत काय आहे कोणालाच आठवत नाही, मामी म्हणते कोणाच्या तरी मुंजीचा असेल. कॅमेरे दोन, मामांचा यशिका ६३५ आणि आमचा आग्फा क्लिक थ्री. पॅटरसन टँक (फिल्म धुवायचा बंद डबा) आणि चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म हाताळायची पिशवी) आहे, ३५ एमएमचे नवे रोल घरी धुतो मी, पण एवढं जुनं कधी हाताळलं नाही. स्पीड किती धरू, डेव्हलपर (फोटो उमटवणारं रसायन) कुठला, आणि तो काढलेला रोल आधी धुवून टाकू का?

हायपोकाका:
काढलेला रोल सगळ्यात शेवटी!! तोवर झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर दोनतीन तास तसाच राहू द्या, गार असताना पिशवी उघडलीत तर फिल्मवर दव धरतं.
बाकीच्यांचं असं करा. दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड हा ढोबळ नियम. मूळ स्पीड १००च्या आसपास धरला तर तीन दशकांचे तीन स्टॉप, म्हणजे १२. पण माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळे काढलेत त्या रोलनी, तेव्हा नियमावर विसंबू नका, एक रोल सरळ बळी द्या. यशिकात घाला, ट्रायपॉडवर एकच देखावा, पहिले चार फोटो ५०, २५, १२, ६ अशा स्पीडने, मग परत तेच चार, मग परत तेच. बारा फोटो झाले. चेंजिंग बॅगेत रोलचे अंदाजाने तीन तुकडे करा, एखादी फ्रेम मधोमध कापली गेली तर जाऊ दे, आणि तीन वेगवेगळ्या वेळा धुऊन बघा. मग तुम्हाला कोणाला विचारायची गरज नाही.
भर उन्हात १२ स्पीडला भिंग एफ ८ वर आणि शटर १/६० सेकंदावर येतं. क्लिक थ्री यात आणू नका, त्याचा शटर बदलता येत नाही, ढग आले की काही उमटणार नाही.

स्टँडवाला:
एवढी झंझट कशाला, रॉडिनल डेव्हलपर १+१०० (एक भागात शंभर भाग पाणी), तासभर न हलवता ठेवायचं, काहीही असू दे निघतं. मी सगळे एक्सपायर रोल असेच करतो

हायपोकाका:
निघतं हो, पण काय निघतं? जुन्या फिल्मला मुळात फॉग चढलेला असतो, उजेड न लागलेले कणही काळे व्हायला टपलेले असतात, त्यांना तासभर डेव्हलपरमध्ये बसवलं की फोटोसोबत तेही वर येतात. वर आपल्याकडे खोलीत ३० डिग्री. जुन्याला जोरदार डेव्हलपर आणि कमी वेळ. एचसी-११० डायल्यूशन बी, म्हणजे १+३१, २० डिग्रीला ५, ७ आणि ९ मिनिटं अशा तीन पट्ट्या करा. फ्रेमच्या मधल्या कोऱ्या जागेतून छापलेला मजकूर वाचता आला तर फॉग चालण्यासारखा आहे.

मिरजेचा_मुक्काम:
काका भारी आयडिया, तुकड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. पण एचसी-११० इकडे मिळत नाही आणि ऑनलाइन किंमत बघून घाम फुटला, घरी बनवता येईल असं काही?

लालदिवा:
डी-२३ बनवा ना, दोनच पावडरी. कोमट पाण्यात (५० डिग्रीच्या आसपास) आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल ७.५ ग्रॅम, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सोडियम सल्फाइट, एकूण १०० ग्रॅम, आणि पाण्याने एक लिटर. क्रम उलटा केला तर मेटॉल विरघळतच नाही. जुन्या फिल्मसाठी वरून पोटॅशियम ब्रोमाइड १ ग्रॅम, फॉग दाबतं, त्यासोबत थोडा स्पीडही खातं म्हणून काकांनी सांगितलेलं जास्तीचं एक्स्पोजर लागणारच. हे एचसीपेक्षा सावकाश काम करतं, पट्ट्या ७, १० आणि १३ मिनिटांच्या करा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाले आहेत, पण लेबल स्वतः वाचून घ्या, सल्फाइट मागितलं की सल्फेट नाहीतर बायसल्फाइट हातात ठेवतात. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, ग्लोव्ह्ज घाला.
बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, बादलीत बर्फाचं पाणी आणि त्यात बाटल्या. फिक्सर (फोटो पक्का करणारं रसायन) आणि धुवायचं पाणीही डेव्हलपरच्याच तापमानाला, नाहीतर इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) सुरकुत्या.

कोकणातली_निगेटिव्ह:
एक राहिलं, १२०च्या जुन्या रोलला मागचा कागद चिकटलेला असतो आणि कधी कधी त्यावरचे आकडे नि ठिपके फोटोतच छापले जातात, तसं दिसलं तर धुण्यात चूक झाली समजू नका. शिवाय फिल्म स्प्रिंगसारखी गुंडाळते, टँकमधलं रीळ पूर्ण कोरडं हवं, बॅगेत हाताला घाम आला की अडकलंच. आमच्याकडे पावसाळ्यात मी हे काम करतच नाही 😅

मिरजेचा_मुक्काम:
नोटेड. शेवटचं, मामा फिक्सरमध्ये तुरटी घालायचे म्हणे, इमल्शन कडक व्हायला. घालू का?

लालदिवा:
मामा बरोबर होते, उन्हाळ्यात जुनी फिल्म नखाने सुद्धा खरवडली जाते. पण नुसत्या हायपोत (फिक्सरच्या मूळ रसायनात) तुरटी टाकू नका, गंधक खाली बसतं आणि फिक्सर दुधाळ होतो, सल्फाइट आणि ॲसिटिक ॲसिड असलेला पूर्ण फॉर्म्युला लागतो. सोपं म्हणजे हार्डनरवाला तयार फिक्सर घ्या. फिक्स किती वेळ ते फिल्मच सांगते, टेस्ट रोलचं टोक उजेडात फिक्सरमध्ये टाका, दुधी रंग पूर्ण जायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ. हार्डनर असेल तर पाण्यात जरा जास्त धुवा.

हायपोकाका:
आणि पट्ट्या वाळल्या की खिडकीसमोर धरून मोबाईलने फोटो काढून इथे टाका, मुंजीच्या रोलला किती मिनिटं द्यायची ते त्यावरून ठरवू.