मदत हवी आहे: मधुमेही बोका, दुखऱ्या दाढा आणि बिघडलेलं पोट. आधी काय हातात घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही चिपळूणला राहतो. आमचा बाळ्या ११ वर्षांचा बोका, नसबंदी झालेला. गेल्या पावसाळ्यात तो सारखा पाण्याच्या भांड्याशी बसायला लागला. ट्रेमधली माती दिवसातून दोनदा बदलावी लागे. साडेसहा किलोचा जीव चार महिन्यांत ४.८ किलोवर आला आणि मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागला. मला वाटलं, कुठून तरी पडला असेल. तपासणीत साखर ४१२ निघाली. मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते, म्हणून डॉक्टरांनी फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी करून घेतली. त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज येतो. तेही वाढलेलं.

तेव्हापासून ग्लार्जिन इन्सुलिन चालू आहे, दर १२ तासांनी. एक युनिटपासून सुरुवात केली, आता दोनवर आहोत. आईलाही मधुमेह असल्याने सुईची भीती घरात कुणालाच नव्हती, पण त्याच सवयीने घात केला. दुकानातून आईच्याच सिरिंजा आल्या, लाल टोपणाच्या, मिलीलीटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असतात त्या. ग्लार्जिन १०० युनिटचं, त्याला नारिंगी टोपणाची लागते. लाल सिरिंजमध्ये एका युनिटच्या खुणेपर्यंत भरलं की प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. चौथ्या दिवशी बाळ्या झोकांड्या खात भिंतीला धडकला. साखर ४४. हिरड्यांना मध चोळला, जरा सावरल्यावर थोडं खाऊ घातलं आणि रिक्षाने डॉक्टरांकडे पळालो. वाचला. घरात माणसाला असो की मांजराला, इन्सुलिन देत असाल तर टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळवून बघा, एवढं कळकळीने सांगते.

आता मूळ अडचण. साखर ३०० च्या खाली फारशी येत नाही. हिरड्या लालभडक आहेत, एक सुळा हलतो, खालच्या दोन दाढा हिरडीच्या कडेशी झिजून खड्डे पडलेत. खाताना मान वाकडी करतो, घास तोंडातून पडतो, मध्येच ओरडून लांब जातो. त्यात आठवड्यातून तीन-चारदा उलटी आणि चिकट, पातळ शी. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड आणि स्वादुपिंडाला सूज दिसली.

एक डॉक्टर म्हणतात, साखर ताब्यात आल्याशिवाय भूल द्यायची नाही. दुसरे म्हणतात, तोंडात एवढी सूज असेपर्यंत इन्सुलिन नीट लागूच पडणार नाही, दात आधी काढा. आतड्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुचवलंय, पण त्याने साखर आणखी चढेल. आणि दुखण्यामुळे तो जेवलाच नाही तर सुई द्यायची की नाही, हा प्रश्न रोज सकाळी सहाला समोर असतो.

कुणी हा गुंता सोडवलाय का? कुठलं टोक आधी धरलंत? मांजराच्या खाण्याचे कोरडे दाणे आणि आजीचा दूधभात आम्ही बंद केलाय. आता ओली पाऊच आणि उकडलेली कोंबडी देतो. दातांचे एक्स-रे काढून उपचार करणारं ठिकाण माहीत असेल तर सांगा. कुंभार्ली घाट चढून पुण्याला न्यायची तयारी आहे.

प्रतिसाद १

ताई, आमच्या मनीच्या वेळी आम्ही दात आधी घेतले. भुलेसाठी साखर अगदी नॉर्मल असावीच असं नाही, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होतात ते) नकोत, अंगातलं पाणी कमी झालेलं नको. त्या सकाळी अर्धा डोस द्यायला सांगितला, पहिला नंबर आमचा लावला आणि भुलेत असताना साखर मोजत राहिले. सहा दात गेले. तीन आठवड्यांत इन्सुलिन तीन युनिटवरून एकावर आलं. म्हणूनच दात काढल्यावर साखर रोज मोजा, सूज उतरली की तोच डोस जास्त होऊ शकतो. एक्स-रेचा आग्रह सोडू नका, मूळ आत राहिलं तर दुखणं राहतं.

आम्ही आधी खायला घालतो, मग सुई. खाल्लं नाही तर पूर्ण डोस देत नाही, साखर मोजून डॉक्टरांना फोन करतो. पण स्वतःच्या मनाने सुई बंदही ठेवू नका, कीटोन वाढतात. त्याच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. उलट्या, मरगळ आणि पट्टीवर कीटोन असं एकदम दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

प्रतिसाद २

पोटाबद्दल. बी-१२ तपासलंय का? आतडं आणि स्वादुपिंड बिघडलेल्या मांजरात ते बऱ्याचदा कमी असतं आणि इंजेक्शनने भूक सुधारते. स्टेरॉइडच्या आधी खाणं बदलून बघता येईल का, आणि द्यावंच लागलं तर बुडेसोनाइड चालेल का, हे विचारा. त्याचा साखरेवरचा परिणाम प्रेडनिसोलोनपेक्षा सहसा कमी असतो. दातांसाठी मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक चालू असेल तर स्टेरॉइडसोबत अजिबात नको. घरातली पॅरासिटामॉल तर कधीच नाही, मांजराचा जीव जातो. नुसती कोंबडी फार दिवस पुरणार नाही, कॅल्शियम कमी पडतं आणि उकडताना मांजराला लागणारं टॉरिन हे पोषक द्रव्य पाण्यात उतरतं. आईच्या ग्लुकोमीटरवर मोजत असाल तर तो मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल कीटोनची पट्टी लावली, काही नाही. बी-१२ खरंच कमी निघालं, आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून दिलं आणि दात आधी असं ठरलं. स्टेरॉइड तोवर थांबवलंय. गुरुवारी पुण्याला निघतोय.

आता एकच विचारते. संध्याकाळची सुई वाटेतच द्यावी लागेल. इन्सुलिन बर्फाला टेकू द्यायचं नाही, गोठलं की वाया जातं, एवढं माहीत आहे, म्हणून बाटली रुमालात गुंडाळून थंड डब्यात ठेवणार आहे. पण गाडीत बाळ्या भेदरून काहीच खात नाही. अशा वेळी तुम्ही काय केलंत?